आमच्या संघाची पहिली निवड

जुलै महिन्यात आमच्या घरामागच्या शेतांतलं गवत कापलं जातं, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले त्याचे गठ्ठे कुंपणाशी मांडून ठेवले जातात, आणि आतल्या आत मुरत जाणाऱ्या त्या हिरवेपणाचा आंबूस-गोड गंध संध्याकाळभर आयर्लंडमधल्या एनिस या गावाच्या आमच्या टोकाला रेंगाळत राहतो. जेवणं उरकली तरी उजेड अंगणातून निघायचं नाव घेत नाही. भिंतीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, माणसांच्या कपाळांवर तो पातळ, फिकट, काहीसा अनिच्छेनेच पसरलेला असतो. दमलेल्या माणसाला असा उजेड सोसत नाही. अंधार पडला की दिवस संपला असं शरीराला सांगता तरी येतं. इथल्या उन्हाळ्यात ते कोणी सांगतच नाही.

यंदाच्या जुलैत मी फार दमलेली होते. लिमरिकच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी. माणसं कमी, नमुने जास्त, आणि परतीच्या रस्त्यावर गाडीच्या काचेवरून सतत ओघळणारा तो मऊ, निरुत्साही पाऊस. घरी येऊन दार उघडलं की मागच्या अंगणातून दोन म्हाताऱ्या माणसांचे चढलेले आवाज ऐकू येत. त्यातला एक आवाज माझ्या बाबांचा, दुसरा शेजारच्या डेक्लनचा. ते दोघे ज्याच्यावरून भांडत असत तो अठरा वर्षांचा मुलगा अमेरिकेत कुठेतरी राहत होता, आणि त्यांच्यापैकी कोणीही त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

हे बेसबॉलचं वेड आमच्या घरात शिरलं ते माझ्या मुलीच्या, इराच्या जन्माच्या वेळी. मी आणि माझा नवरा समीर तेव्हा अमेरिकेत होतो. आई-बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. आई बाळाला मांडीवर घेऊन बसायची आणि बाबा, बाळ झोपलेलं म्हणून आवाज बंद करून, टीव्हीसमोर. नागपुरातल्या एका शाळेत सारी हयात व्यायामशिक्षक म्हणून घालवलेला माणूस. मुलांचे खांदे, गुडघे, धावण्याची लय यांवर त्यांची नजर आपोआप जाई. समालोचनाविना, नियमांविना, नुसत्या शरीरांच्या हालचालींवरून ते हा खेळ शिकले, आणि दूध पाजायला जागत बसलेली मी त्यांच्याकडून. आमच्या त्या शहराचा संघ तेव्हाही हरायचा, आताही हरतो. पुढे व्हिसाच्या अनिश्चिततेला कंटाळून आम्ही आयर्लंडला आलो, अमेरिकेतलं जवळजवळ सगळं मागे राहिलं. हा हरणारा संघ मात्र सोबत आला. डेक्लनही तारुण्यात त्याच शहरात घरांची छपरं घालायला गेलेला आणि पिकल्या केसांनी परतलेला. त्याच्या डोक्यावरची विटकी टोपी बाबांनी भिंतीपलीकडून ओळखली, आणि मग त्या भिंतीला अर्थ उरला नाही.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. मे महिन्याच्या अखेरीस मी बाबांना इकडे आणलं. तीन महिन्यांसाठी, असं त्यांना सांगितलं होतं. माझ्या मनात मात्र ते कायमचंच होतं. खालची खोली रिकामी केली, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, मुक्काम वाढवून मिळतो का याची एका वकिलाकडे चौकशीही सुरू केली. बाबांना हे मी जूनमध्ये, भाजी निवडता निवडता सांगितलं. ते म्हणाले, "पाहू न, बाई." मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. दमलेली माणसं आपल्याला सोयीचे अर्थ फार चटकन घेतात.

दर जुलैत अमेरिकेतले संघ शाळा-कॉलेजांतल्या हौशी खेळाडूंमधून आळीपाळीने एकेक जण निवडून घेतात. त्याला तिकडे ड्राफ्ट म्हणतात. बहुधा हरणाऱ्यांचा नंबर आधी, म्हणून आमच्यासारख्यांच्या आयुष्यातला तो एकुलता एक श्रीमंतीचा दिवस. यंदा आमच्या संघाने पहिल्याच फेरीत एक शाळकरी मुलगा निवडला. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. लांबलचक हातांचा, अजून अंगाने न भरलेला. कॉलेजातला एक तयार, पिळदार गडी समोर असताना त्याला सोडून हा कोवळा पोरगा घेतला, यावरून आमच्या अंगणात फूट पडली.

बाबा त्या पोराच्या बाजूने. फोनवरची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत ते पुन्हा पुन्हा पाहत आणि माझ्यापुढे धरत. "हा खांदा पाह्य. कुठं जोर लावून राह्यला का तो? नाही न! आपोआप येते हे. शिकवून येत नाही, सांगतो मी तुले."

डेक्लन खुर्चीच्या हातावर मूठ आपटायचा. त्याचं म्हणणं, असली पोरं वर्षानुवर्षं खालच्या संघांतून घासली जातात, निम्म्यांची कोपरं निकामी होतात आणि उरलेली घरी जातात. कॉलेजवाला दोन वर्षांत मैदानात दिसला असता. बाबांचं इंग्रजी तुटपुंजं, डेक्लनचं इथल्या क्लेअर परगण्याच्या मातीत लोळलेलं. त्यामुळे दोघांच्या मध्ये मला बसावं लागे. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून आल्यावर हे दुभाष्याचं काम मी चहाच्या कपावर डोकं टेकून करत असे. आणि मनातून मी डेक्लनच्या बाजूने होते. मला तयार माणूस हवा होता, लगेच कामाला येईल असा. या 'लगेच'मध्ये माझा सगळा थकवा बोलत होता.

एका संध्याकाळी वाद फार चढला. गवताचा वास दाटून आला होता, इरा दारात उभी राहून हसत होती, आणि डेक्लन एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, हे पोरगं मोठ्या मैदानात उतरेल तेव्हा मी नसेन. आणि तुझे वडीलही नसतील. सांग त्यांना."

रक्ताच्या तपासणीत कितीतरी अप्रिय गोष्टी रोज माझ्या हातून पुढे जातात. त्या कागदावर आकडे होऊन जातात, कोणाच्या तोंडावर सांगाव्या लागत नाहीत. बाबा माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "तो म्हणतोय, फार वेळ लागेल."

बाबा हसले. "नाही," ते म्हणाले. "तो म्हणते, आपण दोघं मरून जाऊ." मग डेक्लनकडे वळून त्यांनी आपल्या इंग्रजीत सांगितलं, "यस, यस. बट गुड आर्म, डेक्लनभाऊ." डेक्लनने टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली, आणि आपल्या घरून बिस्किटांचा डबा आणला. त्या दिवसापुरतं भांडण मिटलं. मला मात्र आत कुठेतरी लागलं होतं. आई गेल्यापासून मरणाचा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता, आणि बाबांनी तो खिशातून रुमाल काढावा इतक्या सहजपणे बाहेर काढला होता.

महिना संपत आला तेव्हा बातमी आली. ती इराने वाचली. नाश्त्याच्या टेबलाशी, तोंडात टोस्ट असताना, तिच्या त्या क्लेअरी हेलाच्या इंग्रजीत. "आजोबा, युअर मॅन सेड नो. ही'ज गोइंग टू कॉलेज." त्या मुलाने करारावर सही केलीच नव्हती. संघाने देऊ केलेलं सगळं नाकारून तो आपल्या गावाजवळच्या कॉलेजात शिकायला निघाला होता.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "म्हंजे? नाही म्हणता येते का त्याच्यात?"

"येतं," मी म्हटलं. "शाळेतला मुलगा असेल तर येतं. त्याची मर्जी."

"एवढ्या लोकायनं निवडलं, तरी?"

"तरी."

डेक्लनला कळलं तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला. आपला तयार गडी सोडून या वेड्यांनी काय मिळवलं, म्हणून तो दिवसभर खूश होता. बाबांनी वाद घातला नाही. भिंतीपाशी उभे राहून ते शेतांकडे पाहत राहिले. इतके दिवस भांडलेले आम्ही तिघे, आणि त्या मुलाला काय हवं असेल हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही बोलण्यात आला नव्हता. त्याचा खांदा बघितला, कोपर बघितलं, उंची बघितली. त्याच्या मर्जीचा विषयच निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पोळ्या करत होते. बाबा स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. पिठाची परात त्यांनी उगाचच थोडी बाजूला सरकवली, पुन्हा जागेवर आणली, आणि म्हणाले, "मीबी नाही म्हणतो, बाई."

मला कळायला एक क्षण लागला, आणि मग एकदम सगळं कळलं.

"इथं काही त्रास आहे का?" मी विचारलं.

"त्रास कायचा? तू सोन्यासारखं ठेवून राह्यली मले. पण सकाळी उठलो का मले समजत नाही, आज काय आहे ते. तिकडं समजते. दूधवाला येते, शेजारचे कुळकर्णी हाका मारतात, ग्राउंडवर पोट्टे येतात. तुझ्या मायच्या कुंड्या आहेत." मग म्हणाले, "मले वाटलं, तू एवढं सारं केलं, आता नाही कसं म्हणावं."

तव्यावरची पोळी करपली. ती उलटायचं भान मला नव्हतं. मी भांडले, पडलात तर कोण उचलेल, दवाखान्यात कोण नेईल, माझा जीव इथे टांगणीला लागेल त्याचं काय. ते सगळं ऐकून घेत राहिले, शाळेतल्या एखाद्या रडणाऱ्या मुलाचं ऐकावं तसे, मान हलवत, न रागावता. त्यांनी एकदाही मला खोडून काढलं नाही. शब्दही मागे घेतला नाही. संध्याकाळपर्यंत माझंच बोलणं मला ऐकवेना.

ऑगस्टमध्ये ते गेले. डब्लिनच्या विमानतळावर त्यांनी इराच्या डोक्यावर हात ठेवला, समीरला मिठी मारली आणि मला म्हणाले, "झोपत जा जरा." मग रांगेत वळले, आणि पुढच्या माणसांच्या पाठींत त्यांची पाठ मिसळून गेली.

परतताना समीर गाडी चालवत होता. वाटेत कुठेतरी मला झोप लागली. नुसती डुलकी नव्हे, तळ नसलेली, कित्येक महिन्यांत न लागलेली झोप. जाग आली तेव्हा गाडी पेट्रोलपंपाशी उभी होती, समीर आणि इरा खायला आणायला आत गेले होते, आणि पश्चिमेकडे ढगांच्या कडा हळूहळू विझत होत्या. जागं होताहोता जे पहिलं मनात आलं ते दुःख नव्हतं. आज घरी गेल्यावर कोणाला औषधं द्यायची नाहीत, कोणाचं बोलणं कोणाला समजावून सांगायचं नाही, असं काहीसं ते हलकं होतं. आणि ते ओळखल्याबरोबर मी दचकून सरळ बसले.

मग मला वाटलं, बाबांनी हे आधीच पाहिलं असेल का? आयुष्यभर मुलांच्या चालण्यावरून त्यांचा दम जोखणाऱ्या त्या माणसाला, रोज संध्याकाळी दार उघडून आत येणारी मी दिसत नसेन का? कुळकर्णी, कुंड्या, मैदान, हे सगळं खरंच होतं. पण तेवढंच होतं का? तो नकार त्यांनी स्वतःसाठी दिला की माझ्यासाठी, हे विचारायला फोन हातात घेतला. त्यांचं विमान एव्हाना ढगांच्या वर कुठेतरी पूर्वेला निघालं असेल. त्यांनी उत्तर दिलं असतं, तेही मी सोयीचंच ऐकलं असतं. मी फोन मांडीवर ठेवला. काचेवर पावसाचे बारीक थेंब येऊ लागले होते. वायपर बंद होते; मी त्या थेंबांकडे पाहत राहिले.