वाटी परत करायला आलेला माणूस

कौसल्याबाईंनी पोह्यांवर झाकण ठेवलं, तेवढ्यात दार वाजलं. "आले हो" म्हणेपर्यंत त्यांचा मुलगा स्वप्निल तीरासारखा सुटला होता. ओट्यावरचा लोखंडी तवा उचलून त्यानं कडी काढली आणि समोरच्याच्या तोंडावर हाणला.

वरच्या मजल्यावरचे घरमालक धनेश होते. कालची वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणून शेव भरून आणलेली. ती जिन्यावर उधळली. नाकातून रक्ताची धार लागली. दुसरा घाव खांद्यावर बसला. कौसल्याबाईंनी मुलाच्या कमरेला मिठी घातली, तर त्याच्या कोपरानं त्यांचाच ओठ फुटला.

"अबे, पागल है क्या!" धनेश नाक दाबून ओरडले. "कौसल्याजी, घरात गुंडा पाळलाय का? आजच मकान खाली करा. आणि मी पुलिसला बोलावतोच!"

हातातला तवा खाली पडला. स्वप्निल उंबऱ्यावर बसला आणि त्यानं उजवा तळहात धनेशसमोर धरला. मधोमध गोल, गुळगुळीत व्रण होता. आईला त्यानं तेलानं भाजलं म्हणून सांगितलं होतं.

"भिया, मी तिकडे कॅरिबियनला टूरिस्टच्या बोटीवर स्वयंपाक करायचो. सकाळी बेटांवर न्यायचं, संध्याकाळी आणायचं. तिथं मासा धरायलासुद्धा बंदी. एक दिवस कासवं चोरणारे दिसले. आमच्या बोटीवरच्या गार्डनं त्यांचं जाळं कापलं, तर ते कोयते घेऊन बोटीवरच चढले. मी पाहुण्यांना स्वयंपाकाच्या केबिनमध्ये घालून आतून कडी लावली. मग दार वाजलं. हळू, आपल्याकडे शेजारी वाजवतात तसं. वाटलं, गार्डच आहे. उघडलं."

"मग?"

"गार्ड मागे पडला होता, गळा चिरलेला. पुढच्यानं मासे मारायचा भाला हातातून आरपार घातला. मी दुसऱ्या हातानं तवा घेतला. तो पडला, तरी मारत राहिलो. उठायचा थांबला, तरी."

कौसल्याबाईंनी पदर ओठाला लावला. त्यांना फक्त निळ्या पाण्याचे फोटो आले होते.

धनेशनी खिशातून काढलेला फोन तसाच हातात राहिला. "तो क्या, तुझ्या घरी येऊच नको का मी?"

"या ना. फक्त दार वाजवू नका. बाहेरून नावानं हाक मारा."