नवव्या विहिरीचा दगड

दगड फोडला की बाई आधी तो जिभेला लावायच्या. मग भिंग डोळ्याजवळ, मग मान वर आणि मग तो ठरलेला प्रश्न, "जागचा आहे का?" म्हणजे इथलाच ना, दुसरीकडून आणून टाकलेला नाही ना.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आम्ही जानेफळच्या शिवारात होतो. शेजारच्या वावरात तूर सोंगणाऱ्या बाया विळे हातात तसेच धरून बघत राहिल्या. एकीनं मला बाजूला घेतलं. "काऊन हो भाऊ, बाईले काही बाहेरचं झालं काय?" मी सांगितलं, फार मोठ्या शास्त्रज्ञ आहेत, दगड ओला झाला की त्यातले कण नीट दिसतात. तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर. बाई दूरच्या एका संशोधन संस्थेतून यायच्या. जिल्ह्यातले रस्ते आणि शिवारं मला पाठ, म्हणून प्राचार्यांनी मला त्यांच्यासोबत दिलं. तीन हिवाळे मी त्यांच्या मागं फिरलो. फिरलो कसला, पळालो. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे नुसतं बघून आपल्याला धाप लागते. बाई चहा उभ्यानं प्यायच्या, जेवायच्याही उभ्यानं. फोन आला की चालायला लागायच्या. एकदा बोलता बोलता त्या चिखलीच्या रस्त्यानं इतक्या लांब गेल्या की आम्हाला जीप घेऊन मागं जावं लागलं. वय छप्पन्न, आणि जीप थांबायच्या आधी दार उघडायची सवय.

मूळच्या त्या वरवट बकालच्या. तिकडं पूर्णेच्या खोऱ्यात खोल खोल नुसती काळी माती. "आमच्या गावात कुत्र्याला हाणायला दगड मिळायचा नाही, भाऊ," त्या म्हणायच्या. "लहानपणी मामाकडे बुलढाण्याला आले, घाटात एवढा खडक पाहिला, आणि तिथंच फसले." बोलणं शहरातलं होतं, पण राग आला की वऱ्हाडी बाहेर यायची. "काऊन हात नाही धुतले?" असं त्या मला कितीदा म्हणाल्या त्याची गणती नाही.

कारण त्यांना भेसळीची भयंकर धास्ती. दगडाला हात लावायच्या आधी त्यांनी माझ्या बोटातली चांदीची अंगठी काढायला लावली. चुना-तंबाखू बंद केली, म्हणजे कामाच्या वेळेपुरती. दगडाची पूड व्हायची, ती आम्लात विरघळायची आणि मग त्यातलं शिसं मोजलं जायचं, त्यावरून लाव्हा कुठून आला ते कळायचं. माझ्या हाताचा कणभर मळही म्हणे तिथं लाखभर खोटं बोलला असता.

समुद्राच्या तळाचे खडक तपासत त्यांनी कितीतरी वर्षं जहाजावर काढली होती. एवढा समुद्र सोडून आमच्या माळावर कशाला आल्या, असं मी एकदा विचारलं. त्या खूश झाल्या. "समुद्राचा तळसुद्धा कायमचा नसतो, भाऊ. जुना झाला की पृथ्वीच्या पोटात बुडतो. खाली खोलवर जिथं फार ताप आहे तिथून तो लाव्ह्यात मिसळून पुन्हा वर येतो. तुमचा हा काळा पाषाण तसल्याच एका तापातून आला. आपला देश सरकत सरकत उत्तरेला आला आणि चूल मागं राहिली. ती अजून पेटलेली आहे, महासागरातल्या एका बेटाखाली."

आमच्या दगडात त्या जुन्या समुद्रतळाचा अंश शोधायचा, एवढंच त्यांचं काम. अडचण अशी की लाव्हा वर येताना वाटेतल्या खडकाची भेसळ होते. बाईंचं म्हणणं होतं की अगदी पहिला लाव्हा थेट आला असणार, स्वच्छ. तो सापडायचा तर सगळ्यात खालच्या थरात, आणि आमच्याकडे तेवढं खाली जातात ते फक्त विहिरी खणणारे. म्हणून आम्ही विहिरी धुंडाळायचो आणि काठावर टाकलेल्या दगडांचे ढीग फोडायचो.

तिसऱ्या हिवाळ्यातली ती त्या दिवसातली नववी विहीर. दुपारचे तीन वाजून गेलेले, माझ्या पोटात सकाळच्या दोन घास पोह्यांशिवाय काही नव्हतं. विहीर खोल, पाणी भरलेलं, काठावर मोठा ढीग. बाई ढिगाच्या पलीकडं ठोकत होत्या. विहिरीचे मालक रामदासभाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काही गोटे इहिरीतले हायेत, काही वरच्या घाटरस्त्याच्या कामातले आणून टाकले. आता कोणते कोणते, मले काय मालूम!"

तेवढ्यात बाईंनी तिकडून ओरडून विचारलं, "भाऊ, हा सगळा ढीग याच विहिरीतला ना? मालकांना विचारलं?"

खरं सांगितलं असतं तर त्या ढिगातला एकेक दगड उलटा करत बसल्या असत्या, संध्याकाळपर्यंत. मी म्हणालो, "हाव मॅडम. याच इहिरीतला."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. मी जानेफळला येऊन पोटभर जेवलो.

चार-पाच महिन्यांनी फोन आला. चालत असणारच, पावलं ऐकू येत होती. "भाऊ, मिळालं! नवव्या विहिरीचा दगड! इतका स्वच्छ, इतका स्वच्छ की मी तीनदा तपासला!" त्या हसत होत्या आणि मला रामदासभाऊंचं बोलणं आठवत होतं. पुढं लेख छापून आला. शेवटच्या आभारांत माझं नाव होतं. कॉलेजात पेढे झाले. मी माझा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

तरीही मी बोललो नाही. लोक विसरतात, दगडाला कोण विचारतो, असं मनाला समजावत राहिलो. पण मनाला काही समजत नव्हतं. काचेची नळी धुता धुता हातातून सुटायची. बायको म्हणाली, "तुमचं ध्यान कुठं असते हो आजकाल?" मग एक दिवस बाईंनी कळवलं की दोन मुली त्या दगडाच्या भरवशावर आपलं पीएच.डी.चं काम सुरू करताहेत. दोन पोरींची चार-पाच वर्षं. तेव्हा मात्र राहवलं नाही.

फोन लावला आणि घाबरून अर्धंच सांगितलं. "मॅडम, त्या ढिगात घाटातलेही गोटे होते म्हणतात. मले आत्ता समजलं."

पलीकडची पावलं थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग त्या म्हणाल्या, "येते."

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आल्या. पाणी तळाला गेलं होतं. खोदकामाची यारी, म्हणजे विहिरीतला गाळ-दगड वर ओढायची क्रेन, भाड्यानं आणवली आणि तिच्या लोखंडी पाळण्यात बसून या बाई विहिरीत उतरल्या. रामदासभाऊ काठावर ओरडत होते, "मॅडम, तुमाले काही झालं तं पोलीस मले धरतीन!" खालून फक्त हातोडीचे आवाज येत होते. अर्ध्या तासानं वर आल्या त्या चिखलानं माखून, चार दगड घेऊन, आणि मातीतच बसल्या. मी पाण्याचा तांब्या दिला.

"तुम्ही काऊन तोंड पाडून उभे?" त्या म्हणाल्या. "विचारणारी मी, लिहून घेणारी मी. दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवला, ही माझी चूक."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. रामदासभाऊ चहा घेऊन आले आणि मी कपबशा धरायला पुढं झालो.

विहिरीतला दगड भेसळीचा निघाला, म्हणजे तो स्वच्छ दगड वरच्या घाटातलाच होता. पहिला लाव्हा स्वच्छ होता हे म्हणणं तिथंच कोसळलं. बाईंनी लेख आपण होऊन मागं घेतला, मुलींना दुसरे विषय दिले आणि दोन महिन्यांसाठी जहाजावर निघून गेल्या.

लेख मागं घेतल्याचं निवेदन गेल्या आठवड्यात टपालानं कॉलेजात आलं. आमच्या तरुण प्राध्यापकांनी ते सगळ्यांसमोर मराठी करून वाचलं. चुकीची सगळी जबाबदारी बाईंनी स्वतःवर घेतली होती. शेवटी माझं पूर्ण नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, "चूक लक्षात येताच यांनी कोणी न विचारता मला कळवलं. इतक्या सचोटीचा सहकारी मला क्वचित मिळाला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी पाठीवर थाप मारली. ते चौकटीत लावून भिंतीवर टांगायचं म्हणताहेत.

तेव्हापासून मी रोज सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढायच्या आधी फोन लावतो. संपर्क होत नाही. बाई समुद्रात आहेत, परतायला अजून पाच आठवडे लागतील. वर्षभर त्यांचा फोन एका बोटाच्या अंतरावर होता तेव्हा मी गप्प बसलो, आता दिवस सरत नाही. उचलला की काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं आहे. मॅडम, मले तवाच मालूम होतं.