साडूंचा मोगरा

अख्ख्या बंगळुरात मेण वितळवणं लग्नकार्याच्या थाटात कुणी केलं असेल, तर ते आमच्या साडूंनी. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. हे चिकपेटच्या बाजारात गेले आणि मेणाच्या लाद्या, वातीचं भेंडोळं आणि मोगऱ्याच्या सुगंधी तेलाची बाटली घेऊन आले. मेण विस्तवावर थेट ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात छोटं पातेलं, त्यात मेण. हे सगळं चालू असेपर्यंत घरात पंखा बंद. वात काडीला बांधून पेल्याच्या बरोबर मध्यावर ताणायची, मेण स्वल्प निवलं की तेल घालायचं, मग धार लावून ओतायचं आणि ते थिजेपर्यंत कुणी जोरात चालायचंसुद्धा नाही. एकदा मी शिंकलो, तर त्यांनी वातीची माफी मागायला लावली.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण माझी बायको सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शिरली की म्हणायची, "भावजींच्या हातात कला आहे हो." माझ्या हातच्या चहाला तिने पंचवीस वर्षांत फक्त 'गरम आहे' एवढंच म्हटलंय. त्यामुळे साडूंनी दिवाळीच्या स्टॉलसाठी मेणबत्त्या करायला घेतल्या आणि ओतण्याआधी पातेलं माझ्या नाकाखाली धरून विचारलं, "साडूभाऊ, वास कसा? खरं सांगा," तेव्हा मोगऱ्याने डोकं भणभणत असतानाही मी गंभीरपणे म्हणालो, "येतच नाही." त्यांनी आणखी तेल घातलं. मी पुन्हा नकारार्थी मान हलवली. असं चारदा झालं. स्टॉलवर मेणबत्त्यांना तेलाचा घाम फुटला, ज्योती तडतडल्या, गिऱ्हाइकं शिंकत पांगली. मी इतका खूश होतो की बायकोला पाणीपुरी खिलवली.

तिथेच मेहुणी हळूच म्हणाली, "कोविड झाल्यापासून ह्यांना वास येत नाही. कुणाला सांगत नाहीत. तुमच्या नाकावर फार भरवसा आहे त्यांचा."

पुढच्या रविवारी मी न बोलावता गेलो. दोष त्यांनी स्वतःच्याच हाताला दिला होता. मी काही कबूल केलं नाही. तेवढं धाडस माझ्यात नाही. त्यांनी थोडंसंच तेल घालून पातेलं पुढे केलं.

"मोगरा," मी म्हणालो. "बेताचा. आता थांबा."

त्यांनी बाटलीला बूच लावलं, डोळे मिटले आणि हळूच विचारलं, "कळीचा, का उमललेला?"

मी पुन्हा वाकलो.

"नुकता उमलतोय," मी म्हणालो.

"सरी, ठीक," म्हणत त्यांनी पेल्यात धार सोडली, आणि मी पंख्याकडे न बघता घाम पुसत उभा राहिलो.