अंगावर नाही, अंगात

परवा लेकीचा चष्मा बदलायला औरंगपुऱ्यात गेले होते. चष्मेवाल्याच्या शेजारी एक सुतार दारातच बसून फळीवर रंधा मारत होता. ताज्या लाकडाचा तो कोरडा, किंचित गोडसर वास नाकात शिरला आणि मी भर गर्दीत उभीच राहिले. मागून दुचाकीवाला हॉर्न वाजवत होता, लेक हात ओढत होती, आणि मी मात्र चिकलठाण्याच्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरी, वरच्या मजल्यावर जाऊन पोचले होते. तिथल्या एका खोलीत भिंतीला लागून काचेच्या पेट्या मांडलेल्या असत. पेट्यांत असाच लाकडाचा भुसा अंथरलेला असे आणि त्या भुशात साप राहत.

वर राहणाऱ्या बाईंना सगळेच ताई म्हणायचे. चाळिशी ओलांडलेल्या, एकट्या, बोलायला कमी आणि हसायला मोकळ्या. दुचाक्यांचे सुटे भाग रंगवणाऱ्या एका कारखान्यात रंग जुळवण्याचं त्यांचं काम होतं. मला सारखेच लाल दिसणारे दोन पत्रे समोर धरून त्या म्हणायच्या, "हा थोडा पिवळ्याकडं झुकलाय बघ." घरी आल्या की पुन्हा रंगांचाच उद्योग, फक्त जिवंत. कॉर्न स्नेक नावाचे साप त्या पाळायच्या आणि त्यांची पैदास करायच्या. हे साप आपल्याकडचे नव्हेत. मूळचे अमेरिकेतले, बिनविषारी, सरकारदरबारी रीतसर नोंदवलेले. तपकिरी-केशरी अंगावर काळ्या कडांचे लालसर ठिपके, आणि पोटाखाली मक्याच्या कणसातल्या दाण्यांसारखी चौकटीची नक्षी. कोणत्या जोडीतून कोणत्या रंगाचं पिल्लू निघेल याचा अंदाज बांधत त्या महिनोन् महिने वाट पाहायच्या. सापांच्या खाण्यासाठी फ्रीजमध्ये उंदीर गोठवून ठेवणारी बाई म्हणून गल्लीत त्यांचा केवढा दरारा! दूध मागायलासुद्धा कुणी वर जात नसे. मी जायचे. पहिल्यांदा भीतभीत, मग सवयीनं, आणि पोटुशी असताना तर वरच्या त्या खोलीतल्या शांततेसाठीच.

लग्नाआधीपासून मी एका हॉटेलात पाहुण्यांच्या नोंदी घेण्याचं काम करत होते. वेरूळ-अजिंठा बघायला येणारे परदेशी पाहुणे तिथं उतरायचे. बाळंतपण आलं आणि नोकरी सुटली. मुलगी झाली. पांढऱ्याशुभ्र केसांची, पांढऱ्या पापण्यांची, गुलाबी कातडीची. उजेडात तिच्या डोळ्यांची बुबुळं थरथरायची. आम्ही नवराबायको दोघंही चांगले सावळे, काळ्याभोर केसांचे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की अंगात रंग तयार होत नाही असा हा जन्मजात प्रकार आहे, तो आई आणि बाप दोघांकडून येतो, नजर अधू राहील, उन्हाला जपा. मी ते जिवाच्या आकांतानं ऐकलं. घरातल्यांनी ऐकलं आणि दवाखान्यातच सोडून आले.

सासूबाई दौलताबादच्या अंगाला असलेल्या गावातून बाळंतिणीचं करायला आल्या होत्या. त्यांचा जन्म मेंढरांच्या मागं गेलेला. माणूस कष्टाचं, हाताला चव, माझं तेल-शेक सगळं त्यांनी मनापासून केलं. पण बाळाला न्हाऊ घालताना त्यांचे हात परक्याचं लेकरू धरावं तसे चालायचे. एकदा मेथी निवडता निवडता मान वर न करता त्यांनी विचारलं, "हाटेलात लई गोरे लोक येत आसतील, व्हय?"

"येतात की," मी म्हणाले. आणि मग त्यांना काय विचारायचं होतं ते माझ्या ध्यानात आलं.

त्यानंतर बारसं पुढं ढकललं गेलं. आधी आत्याला जमत नाही म्हणून, मग पाहुण्यांत कुणी आजारी आहे म्हणून. नवरा मला एका शब्दानं बोलला नाही, पण आईलाही बोलला नाही. कारखान्यातून यायचा, जेवायचा, पाळण्यापाशी थांबून लेकीकडं बघायचा आणि हात न लावता बाजूला व्हायचा. माझ्यावर कुणी आरोप केला असता तर मी भांडले असते. पण न बोललेल्या गोष्टीला उत्तर कसं द्यायचं? सासूबाईंनी मला माहेरी पाठवायचं काढलं, "थोडे दिस," असं म्हणत. त्या थोड्या दिवसांना शेवट नसणार हे मला कळत होतं.

ताईंना मी काहीच सांगितलं नव्हतं. पण एक मजला वर राहणाऱ्या माणसाला खालच्या घरातली शांतताही ऐकू येत असावी. एका रविवारी सकाळी त्या खाली आल्या आणि थेट सासूबाईंशीच बोलल्या. "आजी, माझ्याकडं अंड्यांतून पिल्लं निघायलेत. बघायला येता का?"

मला वाटलं, सासूबाई कानावर हात ठेवतील. पण जन्मभर कळपात वीण बघितलेली ती बाई. पिल्लं निघायलेत म्हटल्यावर त्यांना राहवेना. हात पुसत उठल्या. "चला बगू." बाळाला घेऊन मी मागून गेले, आणि काय झालं कुणास ठाऊक, नवराही जिना चढून आला.

एका झाकणाच्या डब्यात ओलसर मातीसारख्या थरावर लांबट पांढरी अंडी होती. कुणाला नुसती चीर गेली होती, कुणाच्या चिरेतून करंगळीच्या पेरापेक्षाही लहान डोकं बाहेर आलं होतं आणि दमून तसंच टेकलं होतं. सासूबाई डब्यावर वाकल्या. सगळी पिल्लं करड्या-तपकिरी अंगाची, काळ्या कडांच्या ठिपक्यांची. एकाच अंड्यातून मात्र वेगळंच डोकं आलेलं. गुलाबीसर केशरी, काळ्याचा कुठं लवलेश नाही, आणि डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल.

"ह्ये कुनाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"याच दोघांचं." ताईंनी शेजारच्या दोन पेट्या दाखवल्या. नर तपकिरी, मादी तपकिरी.

"मग दुसरा नर लागला आसंल."

माझा नवरा खाली फरशीकडं बघत होता. ताईंनी मादीला अलगद उचलून हातावर घेतलं. "माझ्याकडं वयात आलेला नर हा एकच आहे, आजी. आणि ही माझ्याच घरात अंड्यातून निघाली, माझ्याच हातावर वाढली. ही कुठं जाईल?"

ताई मग सावकाश, स्वयंपाकातलं काही सांगावं तशा बोलत राहिल्या. प्रत्येक पिल्लाला रंगाचा एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. काळा रंग करणारा एक वाटा जरी मिळाला तरी काळा दिसतो. या दोघांकडं एकेक वाटा काळ्याचा आहे आणि एकेक रिकामा. "तो रिकामा वाटा त्यांच्या अंगावर दिसत नाही, आजी, पण अंगात आहे. दोघांनीही नेमका तोच दिला, की असं पिल्लू होतं. एकाकडून येऊन भागत नाही."

"म्हंजे बापाकडून बी?"

"बापाकडूनसुद्धा. माणसाचंही असंच असतं. आणि गोऱ्या माणसाचं मूल वेगळं दिसतं, आजी. असं बिनरंगाचं नाही."

सासूबाई त्या लाल डोळ्यांच्या पिल्लावर पुन्हा वाकल्या. मग म्हणाल्या, पण कुणालाच उद्देशून नव्हे. "आमच्या कळपात व्हायचं. काळी मेंढी, काळाच नर, आन् कोकरू पांढरं. त्याला कुनी टाकीत नव्हतं." मग त्यांनी माझ्याकडं हात पुढं केले. "आन इकडं तिला." खिडकीतून येणारं ऊन बाळाच्या तोंडावर पडत होतं. त्यांनी आपला पदर ओढून तिच्या डोळ्यांवर धरला आणि तशीच तिला छातीशी घेऊन जिना उतरल्या.

नवरा तिथंच उभा होता. दुपारी तो बाहेर गेला आणि बाळाच्या डोक्यापेक्षा दुप्पट मोठी, रुंद कडेची एक टोपी घेऊन आला. ती टोपी हातात धरून पाळण्यापाशी बसला आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवताना मनात राग नव्हता असं नाही, पण हात ठेवला.

बारसं झालं. गावाकडून आलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली तेव्हा सासूबाईंचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला: "दोघांकडून आलंय ते. माझ्या लेकाकडून बी आलंय. म्हंजे माझ्याकडून नायतर तिच्या आजाकडून. आता काय बोलायचं ते मला बोला." ताई कोपऱ्यात बसून घुगऱ्या खात होत्या, जणू त्यांचा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता.

पुढं कारखान्यानं ताईंची बदली दूरच्या शहरात केली. पेट्या बांधायला आम्ही सगळे वर गेलो होतो. निरोप देताना मला उपकाराचे शब्द सापडेनात; मी बोलायला लागले की त्या म्हणायच्या, "अगं, मी नुसती पिल्लं दाखवली." त्यांचं खरंही होतं. त्यांनी कुणाला उपदेश केला नाही, कुणाची बाजू घेऊन भांडल्या नाहीत. एका म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, एवढंच. आज सासूबाई नाहीत. ताईंचा कधीमधी फोन येतो, नव्या जोडीतून निघालेल्या पिल्लांचे रंग त्या मला तासभर सांगतात, आणि मला त्यातलं निम्मं कळत नसलं तरी मी ऐकत राहते.

त्या दिवशी औरंगपुऱ्यातून परतताना रिक्षात लेकीला ही गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. ती आता शाळेत पहिल्या बाकावर बसते, पुस्तक नाकाला लावून वाचते, आणि प्रश्न विचारायला कचरत नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग मला मुलं झाली तर ती माझ्यासारखी होतील?"

"बहुधा नाही. त्यांचे केस काळे असतील. पण तुझा तो रिकामा वाटा त्यांच्यात असेलच. कुणाला दिसणार नाही, त्यांनाही नाही."

तिनं चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाली, "मग त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे."

"हो," मी म्हणाले, "आम्हालाही कुणीतरी सांगितलं होतं."