डब्यातली अळी

मुखेडजवळच्या आमच्या रानात त्या साली मका होता, तो कणसांसाठी नव्हे. दोन म्हशींच्या चाऱ्यासाठी. एक म्हैस नुकतीच व्यालेली आणि घरातला कडबा संपत आलेला. मका गुडघ्याएवढा झाला आणि त्यात लष्करी अळी शिरली. पानं चाळणीसारखी झाली. पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या सुरळीत, भुशासारखी घाण साचली.

नवरा नांदेडला नोकरीला. रानात मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मामांनी दुकानातून जहाल औषधाची बाटली आणली.

"मामा, हे मारलं तर चारा कापायचा कसा? म्हशीला काय घालायचं?"

"आन् अळीनंच समदा खाल्ला तर?"

गावातल्या शेतीशाळेत कृषी सहायक बाईंनी दोन जैविक औषधं एकत्र मारायला सांगितली होती. एक जिवाणूंचं, ते पानासोबत पोटात गेलं की अळीचं खाणं थांबतं. दुसरं बुरशीचं, बुरशी अळीच्या अंगावर रुजते आणि तिला सावकाश मारते. तेवढ्या वेळात अळीनं मका खाऊ नये म्हणून जिवाणू सोबत. मी दोन्ही आणून ठेवली होती.

"मार तुझं," मामा म्हणाले. "पण मका गेला तर चाऱ्याचं तूच बघायचं."

पंपात आधीच्या औषधाचा वास होता. तो घासून घासून धुतला आणि ऊन उतरल्यावर एकेका पोंग्यात फवारा सोडला. धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची, एक ओळ तेवढी राहिली, पाणी संपलं.

सकाळी पोंगा उघडला तर अळी वळवळत होती. मागून मामा म्हणाले, "हाय की जित्ती!" आणि बांधावर ठेवलेल्या बाटलीकडं वळले.

मी बाटली उचलून पदराखाली धरली. सासऱ्यांसमोर असं कधी वागले नव्हते. "आजचा दिस थांबा. ही अळी डब्यात ठेवते, न फवारलेल्या ओळीतली दुसऱ्या डब्यात. दोघींना ताजं पान देते. हिनं खाल्लं तर बाटली तुमची."

डबे मी गोठ्यात ठेवले आणि दिवसभर मामा तिथंच बसून राहिले. मला झाकण उघडायचा धीर होईना. तेच उठून उठून बघत होते. जेवणसुद्धा त्यांनी तिथंच मागवलं. धारेच्या वेळी त्यांनी दोन्ही डबे माझ्यापुढं धरले. न फवारलेल्या अळीनं पानाच्या नुसत्या शिरा ठेवल्या होत्या. फवारलेल्या अळीच्या डब्यात पान कोरं होतं. अळी त्याच्याकडं पाठ करून सुस्त पडलेली.

"खात न्हाई ही," मामा हळूच म्हणाले.

पुढं आभाळ भरून राहिलं, बुरशीला लागते ती ओल मिळाली. विहिरीकडच्या ओलसर भागात अळ्या पोंग्यातच कडक झाल्या, काहींवर पांढरी बुरशी चढली. माळाकडच्या कोरड्या भागात मात्र बऱ्याच जगल्या, तिथला मका खुरटलाच. चारा कमी पडला आणि थोडा कडबा विकत घ्यावा लागला.

विहिरीकडची पहिली पेंढी मामांनी स्वतः कापली. म्हशीनं तोंड घातलं, तरी ते तिथंच उभे राहिले, ती खाते की नाही ते बघत. मग मला म्हणाले, "माळाकडं परत कवा मारायचं? म्या पाणी आणून देतो."