खुटबावचं लढाऊ विमान आणि ट्रकचं इंजिन

लढाऊ विमानात ट्रकचं इंजिन बसवलंय हे ऐकलं, तेव्हाच मी नकार द्यायचं ठरवलं. तरी गेलो, कारण नकार समोर उभं राहून द्यावा या मताचा मी आहे.

आमच्या कॉलेजला आवारात ठेवायला महायुद्धातलं विमान हवं होतं. दौंड तालुक्यातल्या खुटबावचे गायकवाड आबा त्यांच्याकडचं फुकट द्यायला तयार होते. आबा हवाई दलातले निवृत्त फिटर. त्यांनी भंगारातून सांगाडा आणून तो बारा वर्षांत पुन्हा उभा केला होता. परक्या इंजिनाचं विमान म्हणजे मिशा चिकटवलेला नट, असं मी समितीसमोर अर्धा तास बोललो. समितीनं दमून मलाच पाहणीला पाठवलं.

आदल्या संध्याकाळी शिरूरला माझं व्याख्यान होतं, म्हणून मुक्काम तिथेच केला. सकाळी स्टँडसमोर मिसळ खाल्ली आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर उजवीकडची खिडकी पकडा, सकाळचं ऊन डावीकडून येतं. आणि घाई असेल तर मार्चमध्ये जाऊच नका. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असला की एसटीचा ड्रायव्हरही तत्त्वज्ञ होतो.

चौफुल्याहून वडाप जीप मिळाली. दहा जणांच्या जागेत आम्ही सोळा.

"विमानवाले आबा व्हय?" ड्रायव्हर म्हणाला. "आजच बघून घ्या. सोमवारी भंगारवाला टेम्पो आणतोय. आबांच्या घरच्या काकूंनी सांगितलंय, कांदा ठेवायला शेड रिकामं पायजे."

म्हणजे मी नकार दिला की विमान थेट भंगारात जाणार होतं. माझं मत त्यानं बदललं नाही.

आबा रस्त्यावर येऊन थांबले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं. "जय भीम सर, या." शेडमध्ये पिंप आणि खतांच्या पोत्यांमध्ये ते उभं होतं, नाक वर करून.

"उडतं का?" मी विचारलं.

"परवानगी न्हाई. आन् एकच पंख खरा हाय. दुसरा धान्याच्या कोठीच्या पत्र्याचा."

मी सुरुवात केली. वस्तूचं सत्य, इतिहासाशी इमान, खोट्या स्मारकांनी बिघडलेल्या पिढ्या. आबांनी शांतपणे ऐकलं आणि हात पुसला.

"सर, लढाई चालू होती तवाबी इंजिनं बदलायचेच. ठरले तास भरले की काढायचं, दुसरं बसवायचं. परदेशात आजबी दुसऱ्याच देशाचं इंजिन घालून जुनी विमानं उडवत्यात. वैमानिक मूळ इंजिन मागत न्हाई, चालणारं मागतो."

याला उत्तर माझ्याकडे होतं, पण ते लांबलचक होतं. तेवढ्यात आबांनी ट्रॅक्टर लावून विमान बाहेर ओढलं, चाकांना दगड लावले आणि मागे दोरी बांधली. दोरीच्या अलीकडे कुणी यायचं नाही, असा त्यांचा हवाई दलाचा नियम. घाईत त्यांनी एकच गोष्ट पाहिली नाही. शेपटाच्या रोखानं त्यांचंच खळं होतं. तिथे त्यांच्या पत्नी सखूबाई आणि तीन शेजारणी सकाळपासून हरभऱ्याच्या पाट्या भरून उफणायला वाऱ्याची वाट बघत बसल्या होत्या. झाडाचं पान हलत नव्हतं.

मी दोरीपलीकडे उभा राहून उत्तराचा दुसरा मुद्दा मांडत होतो, आणि इंजिन सुरू होऊन विमानाच्या नाकावरचा पंखा फिरला.

पुढचं मला नीट दिसलं नाही. टोपी गेली, मुद्दा गेला, आणि खळ्यावरचं भूस, काड्या, एक पाटी असं सगळं शेजारच्या मक्यात जाऊन पडलं. आबांनी इंजिन बंद केलं. उतरून ते माझ्या आडोशाला आले. सखूबाई पदर झटकत सरळ विमानापाशी आल्या.

"आता ही सोमवारचीबी वाट बघायची न्हाई," आबा माझ्या कानाशी पुटपुटले.

सखूबाईंनी मुठीतले हरभरे उलटसुलट करून पाहिले. एक काडी नव्हती.

"लई सोडलं," त्या म्हणाल्या. "जरा कमी सोडा."

"काय?"

"वारं. बारा वर्सं ह्यो भोंगा कोंडून ठिवला आन् आमी झाडाकडं बघत बसतो व्हय?"

तासाभरात गल्ली जमली. आबांनी थ्रॉटलच्या दांड्याशेजारी खडूनं खुणा केल्या: तूर, हरभरा, गहू. बायका लांबून पाटी वर धरून हाताच्या इशाऱ्यानं वारा मागत होत्या आणि फिटर गायकवाड प्रत्येक इशाऱ्याला "येस मॅडम" म्हणत होते.

मी विरघळलो, हे कबूल करतो. विमान याच इंजिनासह कॉलेजला न्यायचं, असं मी स्टुलावर चढून जाहीर केलं. या वर्षातलं माझं सर्वांत चांगलं भाषण ते असावं.

"आबांनी शब्द दिलाय ना, दादा?" सखूबाईंनी विचारलं.

"दिलाय."

"मग त्यांनाच न्या. हे राहू द्या. निंबाखाली उभं करू, कांदा शेडात जाईल."

आबा दुसरीकडे बघून हसत होते. सोमवारच्या टेम्पोला फोन करून नाही म्हणायचं काम त्यांनी मलाच दिलं.

परतीला खुटबाव स्टेशनवरून संध्याकाळची पॅसेंजर सोयीची आहे, तिकीटही चहा-भज्यांत निघतं. घरी पोहोचल्यावर बायकोनं मला आधी गॅलरीत उभं करून झटकलं. भूस निघालं. मत किती निघालं ते अजून तपासतोय, पण समितीपुढे मी यावेळी दोनच वाक्यं बोललो.

"विमान मिळणार नाही."

"का, इंजिन मूळ नव्हतं?"

"त्याला सुगी संपेपर्यंत सुट्टी नाही."