दसऱ्याला पूजलेला फोन

धनेश परुळेकरचं काम काळाचौकीच्या चाळीत कुणाला कधी कळलंच नाही. "मोबाइल रिपेरिंग" एवढं धरून सगळे मोकळे. त्याने तरी किती समजवावं? फोनच्या चिपला बारीक पाय असतात, त्यांना पिना म्हणतात. कुठल्या पिनने काय ऐकायचं, काय सांगायचं, आणि त्यावरून फोनने कधी कसं वागायचं, याचा सगळा नकाशा धनेश एका फोन कंपनीत लिहायचा.

इअरफोन खोचला की एक पिन शून्यावर येते. मग आवाज, माइक, सगळं इअरफोनकडे. उपसला की परत फोनकडे. आता भोकात खरंच इअरफोन आहे की नुसता ओलावा, हे दुसऱ्या पिनवर तपासायचं असतं. धनेशने ते लिहिलंही होतं. पण ते मध्येच अडकायचं, आणि साहेब मानगुटीवर बसलेला. शेवटी धनेशने ती तपासणीच काढून टाकली, पुढच्या वेळी घालू म्हणाला. कसली पुढची वेळ! वर्षभरात कंपनीच बंद पडली.

त्याच कंपनीचा, मोठ्या बटणांचा एक फोन त्याने हौसेने वडिलांना दिला होता. आनंदा म्हणजे गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेला माणूस. दसऱ्याला साच्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय राहायचा नाही. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, मग पाटावर फोन आला. "माझ्या झिलान केलेलो फोन आसा," असं लेकाचं कौतुक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत हळद, कुंकू, वर फुलाने पाणी. धनेश लाजायचा. आतून सुखावायचाही, खोटं कशाला बोला!

गेल्या दसऱ्याला म्हाताऱ्याच्या हातून पाणी जरा जास्त पडलं आणि ओलं हळदकुंकू इअरफोनच्या भोकात गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धनेश लोअर परळच्या नव्या ऑफिसात मीटिंगमध्ये होता. बाबांचा फोन आला. "हॅलो, बाबा? बोला ना!" पलीकडे काहीच नाही. खिशातून लागला असेल म्हणून त्याने कट केला. परत आला, परत कट. तिसऱ्यांदा तर वैतागून केला. मग आलाच नाही.

संध्याकाळी घरी आला तर आनंदा मोरीच्या उंबऱ्यात आडवा, फोन कानाशी, उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, तीन तास आधी आणायला हवं होतं. शेजारच्या मायाकाकू पदराने डोळे पुसत राहिल्या. "अरे, 'धनू, धनू' करून ओरडत होते रे! मला वाटलं, फोनवर तुझ्याशीच बोलतायत. म्हणून नाही गेले मी."

फोन उघडल्यावर धनेशला भोकात पिवळा लगदा दिसला. सगळं कळलं; ओलाव्यालाच इअरफोन समजून फोनने बाबांचा आवाज तिकडे वळवला होता. चूक कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या ओळीत, तेसुद्धा. पण ती ओळ आता घालणार कुठे? ज्या सांकेतिक किल्लीशिवाय फोन नवा प्रोग्राम घेत नाही, ती कंपनीबरोबरच गेली होती. आणि असे फोन किती म्हाताऱ्यांच्या कानाला होते, देव जाणे.

बाबांना सांगायचं तरी काय? तुमच्या पूजेने झालं? की माझ्या हाताने झालं? वर्ष गेलं, धनेशने सांगितलं नाही.

या दसऱ्याला आनंदाने धनेशने आणलेला नवा फोन बाजूला सारला आणि डाव्या हाताने जुनाच ओढून पाटावर घेतला. धनेशने करंडा पुढे धरला. बापाने फोनला कुंकू लावलं. मग बोटाला उरलेलं कुंकू धनेशच्या कपाळाला लावलं आणि वाकड्या तोंडाने हसला.